साठ ग्रॅम तांदूळ

"डबा माझ्यासमोर संपला, निलमताई. शीतही उरलं नाही. तरी साखर एकसष्ट."

शाळेतून वर्गाच्या योगिताबाई फोनवर हळू बोलत होत्या. सई जवळच बसली असावी. बाईंनी तिला ग्लुकोजचं पाणी दिलं होतं आणि साखर शहाण्णववर आली होती. आठवड्यातली ही चौथी दुपार.

सई दहा वर्षांची. दीड वर्षापासून तिला इन्शुलिन घ्यावं लागतं. किती घ्यायचं, ते डब्यात काय आहे त्यावर ठरतं; त्याहून कमी पोटात गेलं तर साखर उतरते. म्हणून वाणगावच्या त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ओट्यावर वजनकाटा असतो आणि खिडकीला वही टांगलेली असते. कच्चा तांदूळ साठ ग्रॅम, त्यात कर्बोदकं सत्तेचाळीस. वालाच्या उसळीची अठरा. सईच्या डब्याचा भात निलम वेगळ्या टोपात शिजवते. चुकायला जागाच ठेवत नाही.

रविवारी सई घरी तेवढाच भात खाते आणि साखर जागेवर राहते. उतरते ती शाळेच्या दिवशी. निलमने त्यावरून ठरवून टाकलं होतं की मुलगी डबा टाकते. सई दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा गप्प राहिली. मग निलमने बाईंना डब्यापाशी बसायला सांगितलं.

आता तेही झालं. निलमने डॉक्टरांना फोन लावला.

"कारण सापडेपर्यंत शाळेत पाठवू नका," ते म्हणाले. "परवा घेऊन या. सगळ्या तपासण्या पुन्हा करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सईने स्टूल ओट्याशी ओढलं आणि वही मांडीवर घेतली.

"आज मी लिहिते. तुझ्याजवळपण कोणीतरी बसायला पाहिजे."

निलमने तांदूळ मोजला. साठ. धुऊन टोपात टाकला. शिजल्यावर झाकण दाबून धरलं आणि टोप पेल्यावर कलता केला. पांढरी, दाट पेज पेल्यात उतरली. डब्यात भात सुटा राहावा म्हणून ती रोज असाच वेळायची. पेल्यात चिमूटभर मीठ टाकून तिने उभ्याउभ्याच एक घोट घेतला. तिच्या माहेरी, रानशेतला, पेज कोणी ओतून देत नाही.

"आई, हे कुठे लिहू?"

"काय?"

"तू पितेस ते. ते माझ्याच साठ ग्रॅममधलं ना?"

निलमने पेला ओट्यावर ठेवला. तिने पेल्यात पाहिलं, मग खिडकीतल्या वहीच्या रिकाम्या खिळ्याकडे.

"रविवारी पण पितेस?"

"रविवारी बाबा कुकर लावतात," निलम म्हणाली. "कुकरमध्ये पेज निघत नाही."

तिने नवे साठ ग्रॅम मोजले आणि कुकर लावला. सई पोटभर जेवली. दोन तासांनी बोटाला सुई टोचली. एकशे सव्वीस. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, पुन्हा एकदा पेजेचं विचारलं आणि हसले. तपासण्या नकोत म्हणाले. उद्यापासून शाळा.

निलम स्टूलवर बसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी नुसती बसली होती. मग तिने योगिताबाईंना फोन लावला. सई दप्तर भरताना कान देऊन होती.

"बाई, उद्यापासून तिच्याजवळ बसू नका. तिच्या डब्यातलं मीच खात होते."