ईशान्येचा समुद्र

रेवदंड्याचं घर पुण्याच्या मृणालताईंना पाहताक्षणी आवडलं. हॉलच्या मोठ्या खिडकीतून थेट समुद्र दिसत होता. सोबतच्या वास्तुतज्ज्ञांनी मात्र होकायंत्र पाहून तोंड वाकडं केलं.

"पाणी पश्चिमेला आहे. मोठा दोष. पाणी ईशान्येला हवं."

घर दाखवणारा एजंट जीवन म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं समुद्र पश्चिमेलाच हाय. पार श्रीवर्धनपर्यंत."

"एखादं तरी गाव असेल ना?" ताईंनी विचारलं.

"न्हाय. तो आमच्या आधीपासून तिथंच हाय."

शेवटी तज्ज्ञांनीच उपाय सांगितला आणि ताईंनी घर घेतलं.

वास्तुशांतीच्या जेवणाला जीवन गेला, तर भर दुपारी हॉलमध्ये दिवे लागलेले. समुद्राकडची खिडकी विटांनी बुजवून वर रंग काढला होता. ईशान्येच्या भिंतीवर मात्र समुद्राचा भलामोठा फोटो झळकत होता.

जीवन फोटोजवळ गेला. "झकास समुद्र हाय, मॅडम. कुठला?"

"इथलाच," ताई कौतुकानं म्हणाल्या. "खिडकी बुजवायच्या आधी तिच्यातूनच काढून घेतला."