उरलेले हार

दसऱ्याला प्रत्येक सर्व्हरला हार घालायची बँकेची रीत, म्हणून मंजुषानं सवयीनं पंचवटीतून पाटीभर झेंडूचे हार आणले. साहेब हसले. "मॅडम, सगळे सर्व्हर तुम्हीच बंद केलेत ना? एकच पुरे." खरंच की! साऱ्या सर्व्हरांचं काम तिनं मेनफ्रेम या एकाच अवाढव्य संगणकावर लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकून चालवून दाखवलं होतं. तिनं ऐटीत मेनफ्रेमला हार घातला. "बाकीचे वाया कशाला घालवायचे?" म्हणत साहेबांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या ऑपरेटरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या गळ्यात हार घातला. "उद्यापासून येऊ नका." पाटी मंजुषाच धरून होती, तिनं मान वर केली नाही. शेवटचा हार साहेबांनी रांगेतल्या पुंजारामकाकांच्या हातात दिला. तिला काम त्यांनीच शिकवलेलं. "हा मॅडमना," साहेब म्हणाले. "मशीन आता आपोआप चालतंय." काकांनी आधी हारातलं पाणी झटकलं, तिची पैठणी भिजू नये म्हणून.