वाकलेला आलेख

"ओहमच्या नियमाचा आलेख सरळच येतो. हे आकडे तू मनाने लिहिलेस!" हुद्दार सरांनी हेमांगीला बोलूच दिलं नाही. थेट तिच्या वडिलांना कॉलेजात बोलावून घेतलं.

सहा वर्षांनी प्रयोगशाळेचे शिपाई सहज म्हणाले, "त्या हेमांगीचं तारेचं वेटोळं तुटलं होतं, सर. मीच तिला त्याऐवजी बल्ब जोडून दिला होता."

सरांना चूक उमगली. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो. व्होल्टेज वाढवलं तरी करंट त्या मानाने वाढत नाही. तिचा आलेख वाकणारच होता.

पत्ता शोधून ते तिच्या सासरी गेले. "तुझे आकडे खरे होते, बाळ. चूक माझी होती."

"हे बाबांना सांगाल, सर?" ती म्हणाली. "त्यांनी तेव्हाच माझं कॉलेज सोडवलं. अजून मला खोटारडी समजतात."