सातवा नियम

मेंदू आणि वर्तन यांवर भर देणारा मानसशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम बाईंनी एकटीने घाम गाळून लिहिला. त्याच विभागात आठ वर्षं त्या हंगामी शिक्षिका होत्या. दर वर्षी मुलाखत व्हायची, कायम नोकरीचं गाजर दाखवलं जायचं आणि शेवटी तोंडाला पानं पुसली जायची. समितीतल्या कायम मंडळींनी अभ्यासक्रमासाठी एवढंच केलं, की चहा ढोसत माना डोलावल्या.

प्रयोगशाळेच्या पानावर मात्र विभागप्रमुख अडले.

"बाई, कळ दाबली की दाणा मिळतो अशी उंदराला सवय लावायची आणि मग दाणा बंद करायचा. प्रयोग तर जुनाच आहे. पण सातव्या नियमात तुम्ही म्हणता, एका उंदरावर तो एकदाच करायचा. का बरं?"

"आशेला लावून किती वेळा झुलवायचं, सर? बिचारा कळ दाबून दाबून थकतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो."

"वा! मुक्या जिवाचा किती विचार केलात," सर गहिवरले. सगळ्यांनी पटापट सह्या ठोकल्या.

उठता उठता सर म्हणाले, "हां, तुमचं कायम व्हायचं यंदाही राहिलं बघा. सोमवारी नेहमीसारखी मुलाखत देऊन टाका. पुढच्या वर्षी नक्की."

 

बाईंनी सातव्या नियमातला 'उंदीर' खोडला, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन सरांच्या हातात कोंबलं. "आता करा सही."