मोठ्यानं वाचा

“पुन्हा वाचा,” नाना म्हणाले. “मोठ्यानं.”

तिनं पुन्हा वाचलं. आधी बिलावरचा आकडा, मग रजिस्टरातला. चार हजार सहाशे अठ्ठावीस. चार हजार सहाशे ब्याऐंशी. चूक तिच्याच जिभेवरून दोनदा गेली, तेव्हा कुठे तिला कळली.

“डोळ्यांना सवयीनं सगळं बरोबरच दिसतं, इंजिनियरबाई. कानाला खटकतं.”

बारा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढून छत्तिसाव्या वर्षी ती हिशेबाकडे वळली होती. तिथं दर सहा महिन्यांनी शिकलेलं जुनं व्हायचं, रविवारीही फोन सुटायचा नाही. बेरीज तरी बदलणार नाही, या आशेवर तिनं नव्यानं परीक्षा दिल्या आणि निम्म्याहून कमी पगारावर या गोदामाच्या ऑफिसात आली. पदरात काय पडलं, तर पहिलीतल्या पोरीसारखं मोठ्यानं वाचन. संध्याकाळी घसा बसलेला असायचा.

“तू हिशेब लिहितेस की बातम्या देतेस?” नवरा विचारायचा. तिला हसायचंही त्राण नसायचं.

नाना इथले तीस वर्षांपासूनचे हिशेबनीस. माणूस वाईट नव्हता, तऱ्हेवाईक होता. टेबलावरचा स्टेपलर वीतभर सरकला तरी करवादायचे. सकाळी त्यांची बायको दारापर्यंत सोडायला यायची, संध्याकाळी न्यायला यायची आणि दोघं हातात हात घालून निघायची. “साठी आली तरी नवलाई सरत नाही,” म्हणून ऑफिस फिदीफिदी हसायचं. तिला मात्र हेवा वाटायचा. तिचा नवरा रस्ता ओलांडतानासुद्धा दहा पावलं पुढे असायचा.

मग एके दिवशी मालकांनी तिला बोलावलं.

“तुमचे सहा महिने या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संपतायत, अजून चार आठवडे आहेत. दोन माणसं मला परवडत नाहीत. नानांचं काम संगणकावर होत असेल, तर तुम्ही राहा. नाहीतर नाना राहतील. पण त्यांनी स्वतः बघून हो म्हटलं पाहिजे. त्यांच्या पाठीमागे मी काही करणार नाही. त्यांनाही हे सांगितलंय.”

तिला वाईट वाटलं. पण एकदा सगळं नव्यानं सुरू करताना ती पुरती थकली होती. तिसऱ्यांदा सुरुवात करायचं बळ तिच्यात नव्हतं.

तीन रविवार घालवून तिनं प्रोग्राम लिहिला. बिलं आणि रजिस्टर तो आपोआप ताडून बघायचा, चुकलेल्या नोंदी लाल करायचा. महिन्याभराचं वाचन दोन मिनिटांत. स्वतःची नोकरी सांभाळायला नाना त्यात खुसपट काढणार, हे ती धरूनच चालली होती. तिनं त्यांच्या जागी तेच केलं असतं.

त्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी तिनं आपला जुना लॅपटॉप उचलून नानांच्या टेबलावर ठेवला. त्याची बॅटरी केव्हाच कामातून गेली होती, वायरवरच त्याचा जीव. तिच्या टेबलापासून वायर जेमतेम पोचली. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला आणि समोर उभी राहिली.

“नाना, बघा. चुका लाल रंगात आहेत.”

नानांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली. खाली वाकून ते बराच वेळ बघत राहिले. ती त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती.

“रकाने सुरेख आखलेत,” अखेर ते म्हणाले. “आणि लाल रंगाचं बरं केलंत, चटकन लक्ष जातं. मला यात काही खोट दिसत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मालकांना सांगतो, मी नीट बघितलं. तुम्ही राहा.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय! बायको वर्षभर मागे लागली आहे, आता घरी बसा म्हणून.” त्यांनी चाचपत स्टेपलर जागेवर सरकवला. “पोटापुरतं आहे आमचं. तुम्हाला पुढे खूप वर्षं काढायचीयत.”

तिचे डोळे भरून आले. सहा महिने या माणसाच्या नावानं ती घरी बोटं मोडत होती. लॅपटॉप उचलायला ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली.

वायर सॉकेटातून निघून तिच्या टेबलाखाली पडली होती, आणि पडदा काळाठिक्कर होता.