शेवंतीची मुळं

इतकी वर्षं झाली, तरी जपानमधल्या कागोशिमाच्या आमच्या रताळी संशोधन केंद्रातल्या त्या कुंड्यांचा ओला वास मला आठवतो. मुळांत गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा एक वंश मी तिथं टोमॅटोच्या रोपांवर सांभाळत असे. सगळा एकाच मादीचा. त्यांच्यात नर लागत नाही. लेक हुबेहूब आईच.

मग कळलं, या वंशाची जनुकं बदललीत आणि आमच्या नव्या, कीड न लागणाऱ्या रताळ्यालाही तो सोडत नाही. एक अंडं बाहेर गेलं असतं तरी गावोगावची शेतं बुडाली असती. मी सगळ्या कुंड्या वाफेत घातल्या.

मारलेल्या जिवांसाठी केंद्रातल्या स्मरणशिळेपुढं उदबत्ती लावायची आमची रीत. शेवंतीची जुडी मीच आणली. अर्धी तिथं पेल्यात ठेवली, अर्धी घरी आईच्या तसबिरीपुढं.

"लेकींसारख्या वाढवल्यास, आता रड!" माझी सोबतीण मित्सुए हसली.

आठवड्यानं पेला विसळताना तिचं हसू मावळलं. "अगं, देठांना मुळं फुटलीत."

"फुटतात कधीकधी."

"आणि या गाठी?"

पेल्यात नुसतं नळाचं पाणी होतं.

केंद्रप्रमुख किमोत्सुकी साहेबांनी गाठीतल्या कृमीची जनुकं तपासली. "तीच आई आहे," ते वर न बघता म्हणाले. "ही फुलं आणखी कुठं ठेवलीत, बाई?"

मी धावत घर गाठलं. काळ्या फुलदाणीत शेवंती अजून टवटवीत होती. मी देठ मुठीत धरून हळूच वर ओढले.

आतून कुणीतरी ते तितक्याच हळुवारपणे खाली ओढले.