तेरा मार्चचं टपाल

पोस्टाची पिवळी गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मेलिन फाटकाशीच उभी होती. पोस्टमनने तिच्या हातात सुपरमार्केटची जाहिरात ठेवली आणि कसनुसा हसला. पोर कशाची वाट बघते आहे, हे गल्लीतल्या सगळ्यांसारखं त्यालाही ठाऊक होतं.

बुधवार होता, शाळेला सुट्टी. शनिवारी तेरा मार्च.

सहा वर्षांपूर्वी मेलिनची आई तिला बालकल्याण कार्यालयाच्या बाकावर बसवून 'आलेच' म्हणून गेली, ती गेलीच. पोर तेव्हा पाच वर्षांची होती. तेव्हापासून ती जोसेतकडे वाढत होती. जोसेत सरकारने नेमलेली पालक. वय चौसष्ट, आणि येत्या उन्हाळ्यात तिचं हे काम संपणार, असं ती वर्षभर सांगत होती. अशा बाईला मुलं मावशी म्हणतात. मेलिनही म्हणे.

कायदा सरळ होता. आईकडून वर्षभरात एक अक्षर आलं नाही, तर न्यायाधीश मूल टाकलेलं ठरवतात आणि ते दत्तक जातं. अक्षर आलं, की आणखी एक वर्ष सगळं जिथल्या तिथे. मेलिनच्या आईचं कार्ड वर्ष भरता भरता, मार्चच्या सुरुवातीला यायचं. पुढे समुद्राचं चित्र, मागे दोन ओळी: 'मी बरी आहे. तू बरी राहा.' पत्ता नाही. या वर्षीची मुदत तेरा मार्चला संपत होती.

मेलिनची फाइल मॅडम वासर सांभाळायच्या. ते कार्ड त्या मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरून फाइलला लावत. "स्वतः वाढवायचं नाही आणि दुसऱ्यालाही वाढवू द्यायचं नाही. काय म्हणावं या बाईला," असं दरवर्षी म्हणत. जोसेत बटाटे सोलता सोलता मान हलवायची.

या वर्षी दत्तक घेणारंही तयार होतं. अमिआँ शहरातलं ब्युरेल जोडपं. माणसं भली, मूलबाळ नाही, खोली रंगवून झालेली. फेब्रुवारीत ती जेवायला आली. जोसेतने बीअरमध्ये शिजवलेलं मांस केलं, आणि पोरीला झोपताना दिवा लागतो, खोकला झाला की ती सांगत नाही, असं सगळं ब्युरेलबाईंना बारकाईने सांगितलं. मेलिन ऐकत होती. आपल्या घरातल्या गोष्टी मावशी परक्यांना वाटून टाकते आहे, याचा तिला इतका राग आला की तिने ताटाला हात लावला नाही.

मार्च लागता लागता कार्निवलला जोसेत दरवर्षी चार दिवस समुद्रकाठच्या डंकर्कला बहिणीकडे जाई. या वर्षी तिने गुडघ्याचं निमित्त काढलं.

"जा ना मावशी," मेलिन मागेच लागली. "मी माझ्या मैत्रिणीकडे, क्लेमांसकडे झोपेन. शहाण्यासारखी राहीन."

"या वयात मुखवटे घालून नाचू का मी?" जोसेत म्हणाली आणि विषय संपला.

मग मेलिन न सांगता भांडी घासू लागली. खाऊच्या पैशातून तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून पोस्टाची तिकिटं आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. शेजारच्या रेजिनने ती बघितली आणि तिला भडभडून आलं. पत्ता माहीत नसताना पोर आईला पत्र पाठवायला निघाली आहे, असं तिने चार घरी सांगितलं. जोसेतने तिकिटं उचलून खणात टाकली.

शुक्रवारी संध्याकाळी जोसेत इस्त्री करत होती.

"मावशी, उद्या तेरा तारीख."

"माहीत आहे मला."

"उद्याचं टपाल शेवटचं."

"हो गं बाई," जोसेत म्हणाली, आणि इस्त्री झालेला उशीचा अभ्रा तिने पुन्हा पसरला.

शनिवारी अकरा वाजता फोनचं बिल आलं. दुसरं काही नाही. मेलिन दुपारपर्यंत फाटकाशी उभी राहिली. जोसेतने तिला आत बोलावलं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मॅडम वासर आल्या. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, कोट काढला, आणि मेलिनच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली. या कामात त्यांची वीस वर्षं गेली होती, तरी हे वाक्य त्यांना अजून जड जाई. आईचं काही आलं नाही, म्हणून उद्या न्यायालयात अर्ज जाईल, असं त्यांनी सांगितलं. ब्युरेल मंडळींकडे कुत्रा आहे, हेही सांगितलं.

"आईवर राग धरू नकोस," त्या म्हणाल्या. "काही माणसांना नाही जमत. रडू येत असेल तर रड, आम्ही आहोत."

मेलिन रडली नाही. जोसेत मोरीपाशी पाठमोरी उभी होती. नळ सुरू होता, पण तिच्या हातात भांडं नव्हतं. मेलिन मघापासून त्या पाठीकडेच बघत होती.

"आई कधीच लिहीत नव्हती, ते मला केव्हाचं ठाऊक आहे," ती म्हणाली. "मावशी, या वर्षी तू का नाही लिहिलंस?"